घरच्या आरओचे फिल्टर आणि मेम्ब्रेन बदलताना: नेमका क्रम, आणि लोक कुठे चुकतात

"नवीन मेम्ब्रेन टाकून महिना नाही झाला आणि पाणी परत मचूळ लागतंय", हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या उन्हाळ्यात चौथ्यांदा आला, म्हणून शेवटी हे सगळं एका जागी लिहून काढतेय. आमच्याकडे निम्मं पाणी बोअरचं आणि निम्मं टँकरचं, त्यामुळे आरओशिवाय भागत नाही. त्या चारही घरी मी जाऊन बघितलं. दोन घरांत मेम्ब्रेन (क्षार अडवणारा आतला पडदा) एकदम ठणठणीत होतं, पैसे उगाच गेले. एका घरात नवीन कार्बन फिल्टरची काळी भुकटी सरळ मेम्ब्रेनमध्ये गेली होती, आणि चौथ्या घरात जुनी ओ-रिंग (जोडातून पाणी निसटू नये म्हणून असलेली रबरी कडी) हाऊसिंगमध्येच, म्हणजे मेम्ब्रेनच्या नळकांडीतच अडकून राहिली होती. चारही चुका क्रम नीट पाळला असता तर झाल्याच नसत्या.

हे सगळं घरगुती कॅबिनेटवाल्या आरओबद्दल आहे, ज्यात साधारण ७५ किंवा ८० जीपीडीचं (दिवसाला इतके गॅलन पाणी देणारं) मेम्ब्रेन आणि २४ व्होल्टचा पंप असतो. वॉरंटी चालू असेल तर हात लावू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा, पण मोजायचा भाग तरी वाचून ठेवा म्हणजे तो माणूस समोर असताना काय विचारायचं ते कळेल.

## आत काय होतं ते आधी समजून घ्या

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसंच. मध्ये असा पडदा असेल की ज्यातून पाणी जातं पण क्षार सहसा जात नाहीत, तर पाणी आपणहून कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे ओढलं जातं. आरओमध्ये आपल्याला बरोबर उलटं हवंय, म्हणून खाऱ्या बाजूने जोर लावावा लागतो. १००० टीडीएसच्या (म्हणजे लिटरमागे १००० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेल्या) पाण्याचा स्वतःचा हा ओढा साधारण पाऊण बार असतो, म्हणजे किमान तेवढा दाब तर नुसता बरोबरीला यायलाच जातो, खरं गाळणं त्याच्या वर सुरू होतं. गच्चीवरच्या टाकीतून १० मीटर खाली आलेल्या पाण्याला जेमतेम १ बार दाब मिळतो आणि वरच्या मजल्यांवर तोही नसतो. म्हणून तो पंप. पंप थकला की मेम्ब्रेन कितीही नवीन असलं तरी बारीक धार येणार.

दुसरी गोष्ट, मेम्ब्रेन म्हणजे चहाची गाळणी नाही की सगळं पाणी आरपार गेलं आणि चोथा वर राहिला. आत पातळ पडद्याच्या घड्या एका भोकं पाडलेल्या नळीभोवती गुंडाळलेल्या असतात. पाणी त्या घड्यांच्या मधून वाहत जातं, त्यातलं थोडं पडद्यातून झिरपत मधल्या नळीत येतं आणि बाकीचं मागे राहिलेले क्षार धुऊन सोबत घेऊन रिजेक्टच्या, म्हणजे टाकून द्यायच्या पाण्याच्या पाइपातून बाहेर जातं. हे धुणं थांबलं तर क्षार तिथेच बसतात.

सावधान: पाणी वाचवायचं म्हणून रिजेक्टचा पाइप चिमटा लावून आवळणारे लोक मी बघितलेत. एक-दोन महिन्यांत आतमध्ये क्षारांचा थर बसतो आणि मेम्ब्रेन जातं. रिजेक्ट कमी करू नका, साठवून वापरा.

मेम्ब्रेनचे शत्रू मुख्यतः दोन. एक क्लोरीन, ज्याने तो पडदा कुजल्यासारखा होतो आणि टीडीएस चढायला लागतो. दुसरा क्षार, ज्याने पडदा बुजतो आणि धार बारीक होते. क्लोरीन अडवायचं काम कार्बन फिल्टरचं. म्हणजे कार्बन वेळेवर बदलला नाही तर त्याची किंमत मेम्ब्रेन मोजतं, आणि किमतीत दोघांचा फरक चांगलाच मोठा आहे.

## टप्पा १: उघडायच्या आधी मोजा

हा टप्पा सगळे सोडतात, आणि मला सगळ्यात जास्त कळकळीने हाच सांगायचाय. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, घेऊन ठेवा. सोबत स्वयंपाकघरातला मेजरिंग कप आणि मोबाइलचं घड्याळ.

आधी मशीन १५ मिनिटं चालू द्या आणि मगच मोजा. मशीन रात्रभर बंद असताना खाऱ्या बाजूचे क्षार हळूहळू पडद्यातून शुद्ध बाजूला उतरतात, त्यामुळे सकाळच्या पहिल्या ग्लासाचा टीडीएस नेहमीच जास्त दिसतो. त्या एका आकड्यावर मेम्ब्रेन बदललेली घरं मला माहीत आहेत.

मग चार आकडे लिहा:

१. कच्च्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे आरओला जो नळ जोडलाय त्याच नळाचा. बेसिनचा नको, तिथे कधीकधी वेगळ्या टाकीचं पाणी असतं.

२. थेट मेम्ब्रेनमधून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस. मशीनच्या नळाचा नाही. मेम्ब्रेनच्या हाऊसिंगला एका टोकाला दोन पाइप असतात, त्यातला मधला सहसा शुद्ध पाण्याचा. तो काढून धार कपात घ्यायची.

३. त्याच धारेचं मिनिटाला किती मिली पाणी येतं ते.

४. रिजेक्टच्या पाइपातून मिनिटाला किती मिली येतं ते.

एक उदाहरण देते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे कच्चं पाणी ८६०, मशीनच्या नळाला २९०. सर्व्हिसवाला म्हणाला मेम्ब्रेन गेलं. आम्ही मधला पाइप काढून मोजलं तर ५८! ८६० मधून ५८ वजा, भागिले ८६०, म्हणजे ९३ टक्के क्षार अडतायत, मेम्ब्रेन छान आहे. मग २९० कुठून आले? टीडीएस कंट्रोलरमधून, म्हणजे शुद्ध पाण्यात थोडं कच्चं पाणी मिसळणाऱ्या झडपेतून. तो छोटासा स्क्रू मागच्या सर्व्हिसला कोणीतरी उघडा करून ठेवला होता आणि टाकीतल्या दर १० ग्लासांमागे जवळजवळ ३ ग्लास पाणी मेम्ब्रेनला बाजूला ठेवून सरळ येत होतं. स्क्रू फिरवला, काम झालं, खर्च शून्य.

निकाल असा लावायचा:

९० टक्क्यांच्या वर अडतंय आणि धारही बरी आहे, तर मेम्ब्रेनला हात लावू नका, फक्त फिल्टर बदला. ८० च्या खाली गेलंय तर मेम्ब्रेन किंवा त्याची ओ-रिंग गेली. मधलं काही असेल तर आधी फिल्टर बदला, आठवडाभराने परत मोजा. टीडीएस चांगला पण धार बारीक, तर आधी प्रीफिल्टर (मशीनच्या बाहेर लावलेला, गाळ अडवणारा डबा), मग पंप, मग मेम्ब्रेन या क्रमाने संशय घ्या. ७५ जीपीडी म्हणजे दिवसाला सुमारे २८४ लिटर, मिनिटाला साधारण २०० मिली, पण हा आकडा गोड पाणी आणि २५ अंश तापमान धरून दिलेला असतो. बोअरच्या पाण्यावर १३०-१५० मिली आलं तरी चांगलं समजा. आणि थंडीत पाणी एक अंशाने गार झालं की धार साधारण ३ टक्के घटते, त्यामुळे डिसेंबरमध्ये धार कमी झाली म्हणून घाबरू नका, मे महिन्याच्या आकड्याशी तुलना करून उपयोग नाही.

अजून एक. कच्चं पाणीच ५०० च्या खाली असेल, धरणाचं पालिकेचं पाणी सहसा असतंच, तर निदान क्षारांसाठी तरी आरओची गरज नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही टीडीएसची स्वीकार्य मर्यादा आहे. तिथे यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) किंवा यूएफ (जंतू अडवणारी बारीक गाळणी) पुरतं, आणि पुढचा खर्च करायच्या आधी यावर घरात एकदा बोला. फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल तर गोष्ट वेगळी, ते टप्पा ८ मध्ये येईल.

## टप्पा २: सामान आणि जागा

स्पन कॅन्डल (प्रीफिल्टरची), सेडिमेंट (बारीक गाळ अडवणारा फिल्टर), कार्बन, लागणार असेल तर मेम्ब्रेन आणि त्याच्याच जोडीचा एफआर (रिजेक्टचा प्रवाह अडवून धरणारा छोटा तुकडा, टप्पा ७ बघा). टेफ्लॉन टेप. पाव इंची पाइप दोन मीटर जास्तीचा. दोन-चार एल्बो (पाइपचे काटकोनी जोड) जास्तीचे, कारण जुने एल्बो काढताना तडकतात आणि रविवारी दुपारी दुकान बंद असतं. हाऊसिंगचा पाना, ब्लेड, बादली, जुनी फडकी, मार्कर.

मेम्ब्रेन घेताना तीन गोष्टी बघा. प्लास्टिकचं पॅकिंग हवाबंद हवं, जीपीडी जुन्याइतकंच हवं, आणि पुढच्या नळीवर दोन छोट्या ओ-रिंगा शाबूत हव्यात. फार स्वस्तात मिळालं म्हणून बिनानावाचं मेम्ब्रेन घेऊ नका, मी एकदा घेतलं होतं आणि पहिल्याच दिवशी जेमतेम ७५ टक्के क्षार अडत होते.

## टप्पा ३: बंद करा, दाब सोडा, फोटो काढा

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, प्लगच काढायचा, आत ओल्या हाताने काम करायचंय. मग आरओला येणारा कॉक बंद करा. मशीनचा नळ उघडून टाकी रिकामी करा.

आता झाकण उघडून फोटो काढा. समोरून, वरून, दोन्ही बाजूंनी. प्रत्येक पाइपवर मार्करने आकडा टाका, पाइप जिथे जोडलाय तिथेही तोच आकडा टाका. सगळ्या मशीनमध्ये क्रम सारखा नसतो, काहींत पंप सेडिमेंटच्या आधी असतो तर काहींत नंतर, त्यामुळे इंटरनेटवरचं चित्र बघून जोडू नका, तुमच्या मशीनचा फोटो हाच तुमचा नकाशा.

पाइप ओढून काढू नका. आधी निळी किंवा लाल लॉक क्लिप काढायची, मग तोंडाशी असलेली रिंग बोटांनी आत दाबून धरायची आणि तशी दाबूनच पाइप बाहेर घ्यायचा. रिंग न दाबता हिसडा दिला की आतले दाते पाइप खरवडतात आणि मग तिथूनच थेंब थेंब गळती सुरू होते.

## टप्पा ४: प्रीफिल्टर

भिंतीवर लटकलेला पारदर्शक डबा. खाली बादली ठेवा, पान्याने सोडवा. कॅन्डल चॉकलेटी झाली असेल, टँकरच्या पाण्यावर तीन महिन्यांत होतेच. डबा आतून ब्रशने आणि साध्या पाण्याने घासा, साबण नको. वरची मोठी ओ-रिंग काढून पुसा, खाचेत वाळूचा एक कण जरी राहिला तरी डबा गळतो. नवीन कॅन्डल सरळ उभी ठेवा, वरचं आणि खालचं टोक मधल्या बुडख्यावर बरोबर बसलंय ना ते बघूनच डबा फिरवा. तिरकी बसली तर पाणी कॅन्डलला वळसा घालून पुढे जातं आणि महिनाभराने तुम्ही म्हणता कॅन्डल अजून पांढरीशुभ्रच कशी.

ओ-रिंगला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायची सवय सोडा. तेलाचा अंश पुढे मेम्ब्रेनपर्यंत जातो. पाण्याने ओली करून बसवली की पुरे.

तपासा: हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा. त्याहून जास्त आवळलं तर पुढच्या वेळी डबा उघडताना फुटेल.

## टप्पा ५: सेडिमेंट आणि कार्बन, आणि ती काळी बादली

दोन्ही फिल्टरवर बाण असतो. पाणी बाणाच्या दिशेने जायला हवं. उलटं बसवलं तरी पाणी येतं, म्हणून चूक कळत नाही.

एल्बोच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप पाच-सहा वेढे, आट्या आवळायच्या दिशेनेच. उलट्या दिशेने गुंडाळली तर आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येते. एल्बो हातानेच फिरवा, प्लास्टिकच्या आट्या पान्याने लगेच जातात.

आता थांबा. इथे बहुतेक लोक सरळ पुढे सगळं जोडून मशीन चालू करतात, आणि नवीन मेम्ब्रेन पहिल्या पाच मिनिटांत खराब करून ठेवतात. नवीन कार्बनमध्ये कोळशाची बारीक पूड असते, प्रवासात घासून घासून ती आणखी होते. ती मेम्ब्रेनच्या घड्यांत गेली की परत निघत नाही.

म्हणून कार्बनच्या पुढचा पाइप मेम्ब्रेनला न लावता बादलीत सोडा. कॉक उघडा, प्लग लावा, पंप चालू होईल. (टाकी रिकामी असली पाहिजे, नाहीतर फ्लोट स्विच, म्हणजे टाकी भरली की पंप बंद करणारा तरंगता स्विच, पंप चालूच होऊ देणार नाही.) पहिलं पाणी शाईसारखं काळं येईल, मग राखाडी, मग हळूहळू निवळेल. साधारण १० लिटर जाऊ द्या. शेवटी स्टीलच्या चकचकीत वाटीत थोडं पाणी घेऊन दोन मिनिटं ठेवा आणि मग वाटी अलगद तिरकी करून तळ बघा. तळाशी काळी रेघ दिसली तर अजून दोन-तीन लिटर जाऊ द्या. मी हे करताना दर वेळी वाटतं की झालं आता स्वच्छ, आणि वाटीच्या तळाशी ती बारीक रेघ असतेच.

फक्त फिल्टर बदलत असाल, मेम्ब्रेन जुनंच ठेवणार असाल, तरी हा टप्पा करायचाच. जुन्या मेम्ब्रेनलाही पूड चालत नाही.

बादलीतलं काळं पाणी फेकू नका, संडासात ओतायला चालतं.

## टप्पा ६: मेम्ब्रेन काढणं आणि बसवणं

प्लग परत काढा, कॉक परत बंद करा. हाऊसिंगच्या ज्या टोकाला एकच पाइप आहे ते झाकण, तिथून कच्चं पाणी आत येतं. ज्या टोकाला दोन पाइप ते पक्कं टोक. झाकण पान्याने सोडवा, मेम्ब्रेनची शेपटी पकडीने धरून थोडं गोल फिरवत सरळ ओढा. क्षार बसले असतील तर जोर लागतो.

मेम्ब्रेन बाहेर आलं की त्याच्या पुढच्या बारीक नळीवरच्या ओ-रिंगा मोजा. दोन असायला हव्यात. एकच दिसली किंवा एकही नाही तर राहिलेली आत हाऊसिंगच्या तळाला चिकटलीय. मोबाइलचा टॉर्च आत मारून बघा आणि लाकडी काडीने काढा, सुई-स्क्रूड्रायव्हर नको, भोकाच्या कडेला चरा पडतो. जुनी ओ-रिंग आत राहिली आणि वरून नवीन मेम्ब्रेन दाबलं तर नळी पूर्ण बसत नाही, कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं, आणि नवंकोरं मेम्ब्रेन टाकून टीडीएस ४००! आमच्या ग्रुपवरची चौथी तक्रार हीच होती.

हाऊसिंग आतून फडक्याने पुसा. हात धुवा, शक्यतो मेम्ब्रेनला हात न लावता पिशवीचं एकच टोक कापून पिशवीतूनच धरा.

बसवताना ओ-रिंगांची नळी आधी आत, पक्क्या टोकाकडे. दुसऱ्या टोकाजवळ एक काळी रबरी पट्टी असते, तिला ओठासारखी कड असते. त्या कडेचं तोंड झाकणाकडे, म्हणजे येणाऱ्या पाण्याकडे हवं, म्हणजे पाण्याच्या दाबाने ती फुलून हाऊसिंगला घट्ट टेकते आणि पाणी बाजूने निसटत नाही. बोटाने चाचपून बघा, ओठ दुमडलेला नको. पाण्याने ओलं करा आणि अंगठ्याने हळू, फिरवत ढकला. शेवटी एक हलकासा अडथळा लागतो आणि मग टचकन आत बसल्याचं हाताला कळतं. ते जाणवलं नाही तर बसलेलं नाही, बाहेर काढून परत करा.

तपासा: झाकण लावताना शेवटपर्यंत आट्या बसतायत का? दोन-तीन आट्या बाहेर राहत असतील तर मेम्ब्रेन पूर्ण आत गेलेलं नाही. जोर लावून झाकण आवळू नका.

## टप्पा ७: एफआर विसरू नका

रिजेक्टच्या पाइपात बोटाएवढा एक पांढरा तुकडा असतो, त्यावर ३०० किंवा ४५० असा आकडा. तोच एफआर. रिजेक्टला तो अडवून धरतो म्हणून मागे मेम्ब्रेनवर दाब तयार होतो, आणि तो आकडा म्हणजे साधारण मिनिटाला किती मिली रिजेक्ट जाऊ द्यायचं. तो काढून टाकला तर सगळं पाणी रिजेक्टमध्ये पळतं, शुद्ध पाणी येतच नाही. तो क्षारांनी बुजला तर धुणं थांबतं आणि मेम्ब्रेन बुजतं.

मेम्ब्रेन बदलताना एफआर बदलाच. स्वस्त असतो, आणि जुना एफआर बाहेरून बघून बुजलाय की नाही ते कळत नाही. आकडा जुन्याइतकाच घ्या, बाण रिजेक्टच्या वाहत्या दिशेला. दुकानदार म्हणेल की कमी आकड्याचा लावा, पाणी वाचेल. गोड्या पाण्यावर कदाचित चालेल, बोअरच्या जड पाण्यावर नाही.

## टप्पा ८: जोडणं, चालू करणं, मोजणं

सगळे पाइप फोटो आणि आकडे बघून जोडा. पाइपचं टोक ब्लेडने एकदम सरळ कापलेलं हवं, तिरकं कापलं तर आतल्या रबराला नीट टेकत नाही. दीड सेंटिमीटर तरी आत जायला हवं. लॉक क्लिप लावा, मग प्रत्येक पाइप हलकेच ओढून बघा.

आधी फक्त कॉक उघडा, वीज नाही. पाच मिनिटं बघा. मग प्लग. पंप चालू झाला की दाब वाढतो आणि खरी गळती तेव्हा दिसते. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, कोरडा टिश्यू प्रत्येक जोडाला गुंडाळून बघा. अर्धा तास समोर बसा. पहिल्या रात्री झोपताना कॉक बंद करा, आमच्याच विंगमध्ये रात्री एल्बो निसटून खालच्या घराचं छत ओलं झालंय.

नवीन मेम्ब्रेनला टिकण्यासाठी रसायन लावलेलं असतं, म्हणून पहिली भरलेली टाकी पूर्ण ओतून द्या, पिऊ नका, स्वयंपाकालाही नको. दुसऱ्या दिवशी १५ मिनिटं चालवून टप्पा १ चे चारही आकडे परत घ्या. ९० टक्क्यांच्या वर आलं पाहिजे. पहिल्या तासात टीडीएस थोडा जास्त दिसला तर लगेच उघडत बसू नका.

आता टीडीएस कंट्रोलर. मोजताना तो पूर्ण बंद ठेवायचा, आणि माझ्या मते नंतरही बंदच बरा. "फार कमी टीडीएस वाईट, जरा मिक्स करा" म्हणून तो उघडतात, पण मिक्स होतं ते मेम्ब्रेनमधून न गेलेलं पाणी, आणि त्यातून काय काय येतंय ते टीडीएस मीटरला कळत नाही. मीटरला फक्त एकूण विरघळलेले क्षार कळतात. कॅल्शियम आणि फ्लोराइड त्याला सारखेच. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत बऱ्याच गावांत बोअरला फ्लोराइड आहे, फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम, तिथे ३० टक्के कच्चं पाणी मिसळणं म्हणजे आरओ लावून त्याचा बराचसा उपयोग घालवणं. तुमच्या बोअरचं पाणी कधीच तपासलं नसेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत एकदा द्या, फ्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही बघायला सांगा. रिपोर्ट हातात येईपर्यंत कंट्रोलर बंद. चवीसाठी अगदी उघडायचाच असेल तर रिपोर्ट चांगला आल्यावर, आणि मीटर लावून थोडा थोडा.

शेवटची तपासणी: फ्लोट हाताने वर उचला, पंप बंद झाला पाहिजे. मग रिजेक्टच्या पाइपाकडे बघा. पाच मिनिटांनीही बारीक धार चालूच असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (मशीन बंद झालं की येणारं पाणी अडवणारी विजेवरची झडप) नीट बंद होत नाहीये, आणि तुमच्या घरातून रात्रभर पाणी गटारात जातंय. मशीनमध्ये बाकी काहीच बिघाड दिसत नाही म्हणून हे वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. तो व्हॉल्व्ह बदला, फार महाग नसतो.

## बदलल्यानंतरची देखभाल

कॅबिनेटच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: तारीख, कच्चा टीडीएस, शुद्ध टीडीएस, दोन्ही धारा. दर महिन्याला एक ओळ. प्रीफिल्टर रंग बघून. सेडिमेंट-कार्बन सहा महिने ते वर्ष, टँकरचं पाणी असेल तर सहाच धरा. मेम्ब्रेन कॅलेंडर बघून बदलायचं नसतं, कागदावरचे आकडे बघून बदलायचं, आमचं गेल्या वेळी अडीच वर्षं चाललं, समोरच्यांचं सव्वा, पाणी एकच, फरक फक्त कार्बन वेळेवर बदलण्याचा.

टाकी तीन महिन्यांतून एकदा रिकामी करून नव्या स्पंजने धुवा. ब्लीच किंवा क्लोरीनचं पाणी मेम्ब्रेनकडे जाईल असं काहीही करू नका. यूव्ही दिवा असेल तर तो चालू असताना नळी उघडून आत डोकावू नका, डोळ्यांना इजा होते.

रिजेक्टसाठी पाइप लांब करून एका बादलीत सोडा. फरशी, संडास, गाडी, पायपुसणी, सगळ्याला चालतं. झाडांना घालायच्या आधी मोजा, आमच्याकडे ते ११०० च्या वर निघतं आणि कुंडीत रोज घातलं की मातीवर पांढरी साय धरते, तुळस तर लगेच मान टाकते. पाइप बादलीत बुडू देऊ नका, वरच्या वर लटकत ठेवा.

गावाला आठ-दहा दिवस जाणार असाल तर कॉक बंद, प्लग काढून, टाकी रिकामी करून जा, पण मेम्ब्रेन बाहेर काढून ठेवू नका, एकदा भिजलेलं मेम्ब्रेन वाळलं की परत पहिल्यासारखं होत नाही. आल्यावर अर्धा तास चालवा, ती पहिली टाकी ओता, मग प्यायला घ्या.